पाचशे घोडे आणि ऐंशीची पाटी

रविवारी सकाळी वरळी सी-फेसवर फिरायला जाणाऱ्यांना त्या गाड्या आधी ऐकू येतात, मग दिसतात. केशरी, पोपटी, जांभळ्या, माणसाच्या छातीपर्यंतही न येणाऱ्या, आणि पुष्कळदा परराज्यातल्या पासिंगच्या. २०२४ च्या मार्चमध्ये किनारी रस्ता सुरू झाला आणि हा आवाज रोजच्या बोलण्यात आला. कडेच्या इमारतींतल्या लोकांनी तक्रारी केल्या, कॅमेरे लागले, आणि आमच्या शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर तोच वाद दर आठवड्याला नव्याने पेटायला लागला. एक गट म्हणतो, हा पैशाचा माज आहे, पाचशे हॉर्सपॉवरच्या गाड्यांवर सरळ बंदी घाला. दुसरा म्हणतो, तुम्हाला परवडत नाही म्हणून तुम्ही जळता. इथवर आलं की चहा येतो आणि विषय क्रिकेटकडे वळतो.

मला या वादाचा राग येतो, कारण यात गाडीबद्दल कुणीच बोलत नाही. पहिला गट मालकाच्या स्वभावाबद्दल बोलतो, दुसरा टीकाकाराच्या स्वभावाबद्दल. स्पोर्ट्‌स कारला किती घोडे आणि किती पैसे शोभतात, हा प्रश्न तसाच राहतो. त्याला उत्तर आहे, आणि ते बऱ्यापैकी आकड्यांत देता येतं. माझं मत आधीच सांगून टाकतो: मुंबईत राहणाऱ्या आणि गाडी चालवण्यात रस असणाऱ्या माणसाला टनभर वजनाची, सव्वाशे ते पावणेदोनशे हॉर्सपॉवरची, पंधरा ते पंचवीस लाखांची गाडी पुरते. त्यापुढे घोडे वाढवणं पाप नाही, पण प्रत्येक वाढीव शंभरामागे गाडी थोडी कमी ‘स्पोर्ट्‌स’ होत जाते. आणि अशी गाडी आज आपल्या एकाही शोरूममध्ये नाही. राग यायचाच असेल तर शेजाऱ्याच्या लॅम्बोर्गिनीपेक्षा याचा यावा.

हॉर्सपॉवर हे माप मुळात विक्रेत्याचं आहे, हे विसरू नये. जेम्स वॉटला वाफेची इंजिनं विकायची होती आणि खाणमालकांना इंजिन कळत नव्हतं, घोडा कळत होता. म्हणून त्याने घोड्याच्या भाषेत इंजिन सांगितलं. आपल्या शेतीच्या भाषेत सांगायचं तर पंचाहत्तर किलोंची मोट सेकंदाला एक मीटर वर ओढली की एक मेट्रिक हॉर्सपॉवर होतो. (इंग्रजी हॉर्सपॉवर आणि जर्मन पीएस, म्हणजे हाच मेट्रिक घोडा, यांत दीडेक टक्क्याचा फरक आहे, तो इथे सोडून देतो. खराखुरा घोडा क्षणभर जोर लावतो तेव्हा पंधराच्या आसपास हॉर्सपॉवर काढतो, हेही सोडून देतो. व्हिक्टोरियांचा जमाना गेला.) आता साधा हिशोब करा. बाराशे-तेराशे किलोंची गाडी सपाट रस्त्यावर ताशी ८० किलोमीटरने नुसती पळत ठेवायला हवा आणि टायर मिळून साधारण दहा हॉर्सपॉवर मागतात. दहा! प्रीमियर पद्मिनीकडे चाळिसेक होते आणि तिने चार-पाच पॅसेंजर, टपावर वळकट्या घेऊन अख्ख्या मुंबईला कित्येक दशकं फिरवलं. उभ्या गाडीला ८० पर्यंत पाच सेकंदांत न्यायचं तर चाकांशी सरासरी ८५-९० हॉर्सपॉवर लागतात. गिअर बदलण्यात जाणारा वेळ आणि घर्षण धरलं तर इंजिन सव्वाशे-दीडशेचं हवं. यापेक्षा कमी वेळ हवा असेल तर घोडे वाढवा, पण थोड्याच वेळात टायरची पकड संपते आणि वाढीव ताकद रबर जाळण्याच्या कामी येते.

मग पाचशे, सातशे, हजार कशाला? खऱ्या अर्थाने फक्त वरच्या वेगासाठी. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो कापायला लागणारी ताकद घनाने, म्हणजे वेग दुप्पट करायचा तर हवेसाठीची ताकद आठपट. तीनशेच्या वेगाला सव्वातीनशेच्या आसपास हॉर्सपॉवर नुसते हवेशी भांडण्यात जातात, चारशेच्या वेगाला सातशेच्या वर. २००५ मध्ये बुगाटी वेरॉन १००१ हॉर्सपॉवर घेऊन आली तेव्हा तो आकडा उगाच नव्हता. तिला चारशे ओलांडायचे होते आणि निसर्गाने तेवढं बिल लावलं होतं. पण आपलं काय? सी-लिंकवर मर्यादा ८०. किनारी रस्त्यावर ८०, आणि बोगद्यात त्याहून कमी. अटल सेतूवर १००, एक्स्प्रेसवेवर १००, समृद्धीवर १२०. महाराष्ट्रातल्या सगळ्यात मोकळ्या रस्त्यावरची कायदेशीर कमाल गती गाठायला जेवढे घोडे लागतात, त्याच्या कितीतरी पट घोडे घेऊन माणूस हाजी अलीच्या सिग्नलला उभा असतो.

मागच्या हिवाळ्यात एका मित्राने त्याच्या सहाशेहून जास्त हॉर्सपॉवरच्या गाडीत बसवलं. वरळीहून किनारी रस्त्याला लागलो. त्याने दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला, माझी मान मागे गेली, पोटात खड्डा पडला, आणि मी ‘अरे’ म्हणेपर्यंत त्याने ब्रेकवर पाय आणला होता. कॅमेरा. तीन सेकंदांपेक्षा जास्त नसेल. त्यानंतर मरिन ड्राइव्हपर्यंत आम्ही टॅक्सीवाल्यांबरोबर ऐंशीने गेलो. त्याच्या सोसायटीत परत शिरताना स्पीडब्रेकरवर गाडीचं पोट घासू नये म्हणून मी खाली उतरून वाकून बघत होतो आणि तो इंचाइंचाने, तिरकी करून, गाडी पुढे घेत होता. त्या सकाळी सर्वांत जास्त कौशल्य लागलं ते तिथे.

‘स्पोर्ट’ म्हणजे खेळ, आणि खेळाला मैदानाच्या मापाचं सामान लागतं. चाळीच्या कंपाउंडमध्ये क्रिकेट खेळलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. तिथे थेट गॅलरीत गेलेला चेंडू म्हणजे आउट असतो. कंपाउंडमध्ये ताकद कुणाकडे कमी होती म्हणून तो नियम नव्हता. ताकदीला तिथे काही किंमत नव्हती, म्हणून मनगट तयार झालं. स्पोर्ट्‌स कारची माझी व्याख्याही तीच आहे: जिची सगळी ताकद, जिचा सगळा ब्रेक, जिच्या टायरची सगळी पकड चालवणाऱ्याला त्याच्या रोजच्या रस्त्यावर वापरता येते ती. बोरघाटाच्या जुन्या रस्त्यावर, पसरणीच्या वळणांवर, दुसरा गिअर इंजिनाच्या कमाल फेऱ्यांच्या लाल रेषेपर्यंत ताणता आला पाहिजे, तिसरा टाकता आला पाहिजे, वळणाआधी पुन्हा दुसऱ्यावर येता आलं पाहिजे, आणि एवढं करूनही वेगाचा काटा कायद्याच्या आसपास राहिला पाहिजे. सहाशे घोड्यांच्या गाडीचा दुसरा गिअरच शंभर ओलांडून जातो. म्हणजे घाटात ती गाडी चालवायची नसते, आवरायची असते. आपल्या बैलगाडा शर्यतीत बैलांच्या खुराकावर पाण्यासारखा पैसा ओतला जातो हे खरं, पण शर्यतीचा छकडा कधी बघितलाय? चार लाकडं आणि दोन चाकं. शेतावरची बैलगाडी जुंपून कुणी शर्यतीला येत नाही. वजन काढणं हीसुद्धा ताकदच आहे, हे आपल्या गावच्या सुताराला ठाऊक होतं.

हेच शहाणपण १९८९ मध्ये जपानच्या माझदाने गाडीत उतरवलं. एमएक्स-५ मियाटा: १.६ लिटरचं इंजिन, ११६ हॉर्सपॉवर, साडेनऊशेच्या आसपास किलो वजन, मागच्या चाकांना ताकद, दोन माणसं. अमेरिकेत किंमत १४ हजार डॉलरच्या आत. कागदावर बघितलं तर हसू यावं असे आकडे. त्या गाडीच्या दहा लाखांहून जास्त प्रती विकल्या गेल्या. दोन माणसांच्या उघड्या गाडीने तेवढा पल्ला दुसरीकडे कुठे गाठलेला नाही. २०१२ मध्ये टोयोटाने ८६ काढली तेव्हा दोनशे हॉर्सपॉवरच ठेवले आणि टायर मुद्दाम अरुंद, कमी पकडीचे दिले, म्हणजे साध्या वेगातही गाडीची शेपटी हलल्याचं चालवणाऱ्याला कळावं. विक्रेत्याच्या दृष्टीने हा वेडेपणाच. ज्याला गाडी चालवायची हौस आहे त्याच्यासाठी मात्र ही सगळ्यात शहाणी काटकसर.

आता समोरच्याचं ऐकू. त्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा असा की हौसेला गरजेचा निकष लावायचाच नसतो. पैठणी अंग झाकण्यासाठी कुणी घेत नाही, आणि पाच हजारांच्या घड्याळात वेळ तीच दिसते. हे मला पूर्ण मान्य आहे. ज्याला हजार घोड्यांची गाडी दिवाणखान्यातल्या चित्रासारखी हवी आहे त्याने ती जरूर घ्यावी. मी रविवारी कठड्यावरून बघेन, फुकटात. माझं म्हणणं एवढंच की तिला चित्र म्हणा. पैठणी नेसणारी बाई ती पोहायच्या स्पर्धेची आहे असा दावा करत नाही.

दुसरा मुद्दा: महागड्या, ताकदवान गाड्या ही प्रयोगशाळा असते. हेही खरंच. डिस्क ब्रेक १९५३ मध्ये जॅग्वारने फ्रान्समधल्या ल माँच्या शर्यतीत जिंकून दाखवले आणि आज ते आपल्या हॅचबॅकला पुढच्या चाकांवर असतात. पण नीट बघा, त्या गोष्टीतून खाली आलं ते काय? ब्रेक. पकड, थांबणं, वळणं या सगळ्या गोष्टी झिरपल्या. घोडे मात्र झिरपले नाहीत; ते अलीकडे दुसऱ्याच दाराने आत आले. महिंद्राची बीई ६ ही इलेक्ट्रिक गाडी मोठ्या बॅटरीसह २८६ पीएस देते आणि तिची एक्स-शोरूम किंमत २७ लाखांच्या आतबाहेर आहे. पंचवीस वर्षांपूर्वी एवढे घोडे मागितले असते तर पोर्शच्या दारात जावं लागलं असतं. मोटर आणि बॅटरीने ताकद इतकी स्वस्त केली की ताकदीच्या आकड्याला आता प्रतिष्ठा उरायचं कारणच नाही. एमजीचंच उदाहरण घ्या. १९६२ ची एमजीबी: ९५ हॉर्सपॉवर, हजार किलोंच्या आत. २०२५ मध्ये भारतात आलेली त्याच नावाखालची सायबरस्टर: ५१० पीएस, पाऊणशे लाखांच्या घरात किंमत, आणि वजन जवळजवळ दोन टन. पिकअप विचारू नका, सव्वातीन सेकंदांत शंभर. पण दोन टन वजन वळणात फिरवताना त्या ५१० घोड्यांचा काही उपयोग नसतो. वळणात वजनच बोलतं.

तिसरा मुद्दा गंभीर आहे आणि तो हलक्या हाताने घेण्यासारखा नाही. गाडी माणूस मारत नाही, चालवणारा मारतो. २०२४ च्या मे महिन्यात पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये दोन तरुण जीव गेले तेव्हा सगळी चर्चा पोर्शभोवती फिरली, जणू त्या जागी साधी सेडान असती तर ते वाचले असते. अल्पवयीन मुलाच्या हाती किल्ली आणि दारूचा आरोप, या गोष्टींचा हॉर्सपॉवरशी संबंध नाही. म्हणून बंदीवाल्यांच्या बाजूने मी नाही. मात्र ‘जास्त ताकद म्हणजे जास्त सुरक्षितता, ओव्हरटेक झटपट होतो’ हे जे लगोलग पुढे जोडलं जातं, ते अर्धंच खरं आहे. एसटीला घाटात मागे टाकायला दीडशे घोडे भरपूर झाले. त्यापुढचे घोडे ओव्हरटेक लवकर संपवत नाहीत, नको त्या ठिकाणी सुरू करायला लावतात. ८० च्या वेगाला गाडी सेकंदाला बावीस मीटर जाते. १६० ला तिच्यातली ऊर्जा चौपट झालेली असते, आणि समोर रस्ता ओलांडणाऱ्या माणसाची चाल तेवढीच राहते.

बंदी किंवा मर्यादा घालून काय होतं, हेही जगाने करून बघितलं आहे. जपानी कंपन्यांनी १९८९ पासून आपसात ठरवून टाकलं होतं की देशात विकायच्या गाडीला २८० पीएसपेक्षा जास्त ताकद सांगायची नाही. ‘सांगायची’ हा शब्द महत्त्वाचा. निस्सान स्कायलाइन जीटी-आरच्या कागदावर २८० होते, आत कितीतरी जास्त, हे सगळ्या जपानला माहीत होतं. २००४ मध्ये तो समझोता मोडीत निघाला. पण त्या पंधरा वर्षांत एक गंमत झाली. आकड्याची शर्यत बंद पडल्यामुळे कंपन्या बाकीच्या गोष्टींत भांडायला लागल्या आणि होंडाची एनएसएक्स त्याच काळात बाजारात आली: ॲल्युमिनियमची हलकी बॉडी, फॉर्म्युला वनच्या आयर्टन सेन्नाने चालवून सुचवलेल्या सुधारणा, आणि रोज ऑफिसला नेता येईल इतका मऊ क्लच. डिझायनर गॉर्डन मरेने ६२७ हॉर्सपॉवरची मॅकलारेन एफ१ घडवताना चालण्याचा वस्तुपाठ म्हणून कुणाकडे पाहिलं असेल? या २८० वाल्या होंडाकडे.

याच्या उलट टोकाची गोष्ट चीनमधली, २०२५ ची. शाओमीने दीड हजारांहून जास्त पीएसची गाडी विकली आणि मग एक सॉफ्टवेअर अपडेट पाठवून सांगितलं की रस्त्यावर नऊशेच मिळतील. बाकीचे घोडे हवे असतील तर आधी रेस ट्रॅकवर ठरावीक वेळेत फेरी मारून दाखवा. मालक खवळले. पैसे दीड हजारांचे मोजलेत, नऊशे का? कंपनीला निर्णय मागे घ्यावा लागला. मालकांचं कायद्याने चूक नव्हतं, पण कंपनीने नकळत कबूल करून टाकलं होतं की आपण विकलेल्या वस्तूचा मोठा भाग गिऱ्हाइकाने वापरू नये हेच बरं.

किमतीकडे वळतो, कारण इथे कट्ट्यावरचे दोन्ही गट सारखेच चुकतात. ‘परवडते का’ हा निकष चुकीचा आहे. खरा निकष भीतीचा. गाडी पावसात काढताना छातीत धस्स होतं का? लालबागच्या गर्दीत रिक्षाने आरसा घासला तर रात्री झोप लागते का? क्लच प्लेट बदलायची वेळ आली तर पगारातून बदलता येते की एफडी मोडावी लागते? जी गाडी काढायला भीती वाटते ती खेळायच्या कामाची नाही, मग मालकाच्या बँकेत कितीही शून्यं असोत. मुंबईत जून ते सप्टेंबर रस्ता खड्ड्यांचा असतो आणि ऑक्टोबर ते मे खोदकामाचा. पातळ रबराचा टायर आणि मोठी अलॉय व्हील असलेली गाडी इथे बाराही महिने धाकात असते.

आणि ही भीती आपण करातून विकत घेतो. २००२ मध्ये सचिनला मायकेल शूमाकरच्या हातून फेरारी ३६० मोडेना मिळाली, ब्रॅडमनच्या एकोणतीस कसोटी शतकांशी बरोबरी केल्याबद्दल. त्या गाडीवरची सीमाशुल्काची रक्कम १ कोटी १३ लाख होती. सरकारने ती माफ केली, देशभर गदारोळ झाला, प्रकरण न्यायालयात गेलं, आणि शेवटी फियाटने पैसे भरले. तेव्हा आख्खा देश माफी द्यावी की नाही यावर भांडला. भेट मिळालेल्या गाडीवर तिच्या किमतीहून जास्त कर का, हे मात्र कुणी फारसं विचारलं नाही. आजही चित्र तेच आहे. एक कोटीची गाडी बंदरात उतरली की ११० टक्के आयात शुल्काने दोन कोटी दहा लाखांची होते, त्यावर ४० टक्के जीएसटीने दोन कोटी चौऱ्याण्णव लाखांची, आणि वर आपल्या राज्याचा वाहनकर. माझदाची साधी मियाटा २०२५ मध्ये अमेरिकेत २९ हजार डॉलरच्या आसपास सुरू होत होती, म्हणजे पंचवीसेक लाखांना. इथे कुणी आणलीच तर स्वस्त गाड्यांना लागणाऱ्या कमी दराच्या शुल्कानंतरही ती सत्तर लाखांच्या घरात जाईल. भीतीच्या बाहेरची गाडी आपण स्वतःच्या हाताने भीतीच्या आत ढकलतो.

श्रीमंतांकडून कर घ्यावा, त्याला माझी हरकत नाही. पण घेतोय का? महाराष्ट्रात एकरकमी वाहनकराला कमाल मर्यादा आहे. २०२५ च्या जुलैपर्यंत ती वीस लाख होती, आता तीस लाख आहे. पंधरा लाखांची पेट्रोल हॅचबॅक घेणारा बारा टक्के भरतो. ८ कोटी ८९ लाखांना भारतात आलेली लॅम्बोर्गिनी रेव्ह्युएल्टो घेणारा तीस लाखांवर थांबतो, म्हणजे साडेतीन टक्क्यांच्याही आत. तरीसुद्धा गाडीला नंबराची पाटी परराज्याची लागते, ही त्याच्यापुढची कला.

कराचं सूत्र गाडीचा आकार ठरवतं, ही गोष्ट जुनी आहे. ब्रिटनने १९२१ पासून हॉर्सपॉवरवर कर लावला, दर हॉर्सपॉवरला एक पौंड. पण तो घोडा खरा नव्हता, सिलिंडरच्या व्यासावरून मोजलेला होता. मग कंपन्यांनी काय केलं? अरुंद आणि लांब सिलिंडरची इंजिनं बनवली. कर वाचला आणि एका पिढीची ब्रिटिश इंजिनं वेग वाढला की धापा टाकायला लागली. फ्रान्समध्ये सिट्रोएनच्या गाडीचं नावच ‘दोन घोडे’ पडलं, कारण करखात्याच्या वहीत ती दोन घोड्यांची होती. आपली वही आजही ताकद किंवा वजन बघत नाही. ती लांबी आणि सीसी बघते. चार मीटरच्या आत, पेट्रोल असेल तर बाराशे सीसीच्या आत, तर १८ टक्के. एक सेंटिमीटर पुढे गेलात की ४०. इलेक्ट्रिक असेल तर घोडे शंभर असोत की पाचशे, ५ टक्के.

या सूत्राला शिव्या घालायचा मोह होतो, पण जरा थांबून मोजपट्टी लावा. पहिल्या मियाटाची लांबी चार मीटरच्या आत होती. आजच्या मियाटाचीही आहे. १९९६ ची लोटस एलिस तर त्याहून आखूड: ११८ हॉर्सपॉवर, सव्वासातशे किलो, आणि तरीही वळणात तिच्यापुढे तिप्पट किमतीच्या गाड्या चाचपडायच्या. म्हणजे जगातल्या सगळ्यात शहाण्या स्पोर्ट्‌स कार आपल्या करखात्याच्या चौकटीत लांबीने आपोआप बसतात. राहता राहिलं बाराशे सीसी. टर्बो लावलेल्या १.२ लिटरच्या इंजिनातून महिंद्रा आज १३१ पीएस काढते. टाटाची अल्ट्रोझ रेसर पुण्यात बनली, १२० पीएस, आणि २०२४ मध्ये साडेनऊ लाखांना सुरू झाली. एलिसइतकेच घोडे.

इथे कट्ट्यावरचे जाणकार दोन आक्षेप घेतात. पहिला असा की ही इंजिनं पुढच्या चाकांची, आडवी बसणारी. स्पोर्ट्‌स कारला मागची चाकं ओढायला हवीत. अहो, एलिसमध्ये काय होतं? रोव्हरच्या पुढच्या चाकांच्या गाडीचंच इंजिन आणि गिअरबॉक्स, उचलून सीटांच्या मागे ठेवलेलं. टोयोटाने एमआर२ मध्ये १९८४ सालीच हे केलं होतं, कोरोलाचं सामान वापरून. पुढचं मागे ठेवलं की झालं. सोपं आहे असं म्हणत नाही. सस्पेन्शन, क्रॅश टेस्ट, साचे, सगळ्याला पैसा लागतो. पण नवं इंजिन शोधावं लागत नाही.

दुसरा आक्षेप जास्त बोचतो: घेणार कोण? १९९८ मध्ये गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म आठवते का? दोन माणसांची, फायबरची बॉडी, रेनोचं साठ हॉर्सपॉवरचं इंजिन. दिसायला गोड होती. कुणी फारशी घेतली नाही. हा पुरावा मी नाकारत नाही, पण त्यातून नेमकं काय सिद्ध होतं? नवखी कंपनी आणि साठ घोडे, हे दोन्ही एकदम पचवायला १९९८ चा मध्यमवर्ग तयार नव्हता, एवढंच. त्याच मध्यमवर्गाची पोरं तेव्हा काय चालवत होती? आरएक्स १००. अठ्ठ्याण्णव सीसी, अकरा हॉर्सपॉवर, शंभर किलोंच्या आसपास वजन. ती बंद होऊन तीन दशकं होत आली तरी सांगली-कोल्हापूरकडे चांगल्या स्थितीतली गाडी कुणी विकायला काढली की गर्दी जमते. २०१२ मध्ये चाकणला बनलेली ड्यूक २०० आली, पंचवीस पीएसची, आणि कॉलेजच्या पोरांना घोडे भागिले किलो हा भागाकार तोंडपाठ झाला. दुचाकीवर आपल्याला हे गणित केव्हाच कळलेलं आहे. चारचाकीत येताना विसरायला होतं, कारण चारचाकी आपल्याकडे अजून वाहनाआधी लग्नाच्या बायोडेटातली ओळ असते.

दोन दारांची, अडचणीची, मागे बसणाऱ्याचे गुडघे मोडणारी गाडी भारतात खपत नाही, असं म्हणणाऱ्याने नाशिकला जाऊन यावं. थार तिथे बनते. चार मीटरच्या आत, मागचं धरून तीन दारं, डिकी नावापुरती, आणि एक काळ असा होता की बुकिंग करून महिनोन् महिने थांबावं लागायचं. थार घेणाऱ्यांपैकी किती जण दगडधोंड्यांत जातात? तरी घेतात, कारण तिच्यात काही करावंसं वाटतं. दुसऱ्या टोकाला २०२५ मध्ये फोक्सवॅगनने ५३ लाखांना गोल्फ जीटीआय आणली, २६५ पीएस, पहिल्या खेपेला दीडशे गाड्या, आणि त्या हातोहात गेल्या. थारचे दहा-पंधरा लाख आणि गोल्फचे त्रेपन्न लाख यांच्या मध्ये हौसेच्या माणसाला बहुतेक सरळ रेषेत पळणाऱ्या उंच एसयूव्हीच मिळतात. एवढी मोठी पोकळी दिसत असताना मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात, जिथे इंजिन आहे, कारखाने आहेत, घाट तर दारात आहे, तिथे कुणाला हे सुचू नये?

माझ्या मित्राचा भाचा पवईला नोकरी करतो. त्याने मला विचारलं, काका, पंचवीस लाख आहेत, मजा येईल अशी कुठली गाडी घेऊ? एवढं सगळं गणित येऊनही मला नव्या गाडीचं एक नाव सांगता आलं नाही. शेवटी म्हटलं, जुनी पोलो जीटी टीएसआय शोध, १०५ पीएसची, नीट वापरलेली, एका हातची. उरलेल्या पैशांत टायर, सस्पेन्शन आणि दर महिन्याला महाबळेश्वरचं पेट्रोल. तीन महिने तो शोधतोय. ज्यांच्याकडे आहेत ते विकायला तयार नाहीत.